सुरगाण्याच्या गाडीने गेलेले धडे

दोन हजार सालाच्या आगेमागे मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळत होतो. विभाग म्हणजे एक गार खोली, तीन मशीन, एक खडखडणारा प्रिंटर आणि मी. कारखान्याने इंटरनेट घेतलं होतं, पण ते कशासाठी घेतलं आहे हे माझ्याशिवाय कुणालाच नीट माहीत नव्हतं. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत डबा खात खात मी तिथून एक ई-मेलचा गट चालवायचो. वेबपानं कशी तयार करायची, ती हलती-बोलती कशी करायची, हे मराठीतून शिकवणारा गट. एकाने पत्र टाकलं की ते सगळ्यांना जायचं आणि त्यावरची उत्तरंही सगळ्यांना दिसायची. मराठी लिहायचं ते इंग्रजी अक्षरांत, कारण एकाचा मराठी फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर गेला की नुसती जिलब्यांची रांग दिसायची.

गटात नाशिकची मंडळी बरीच होती. येवला, मालेगाव, नांदगावचे काही, पुण्याचे थोडे, आणि अमेरिकेला गेलेले दोघं-तिघं, जे मुख्यतः मराठीत गप्पा मारायला मिळतात म्हणून यायचे. शिकणारे सगळे नवशिके. कुणाला नोकरी बदलायची होती, कुणाला आपल्या दुकानाचं पान करायचं होतं, आणि एक निवृत्त मामलेदार घरात करमत नाही म्हणून शिकत होते. दर सोमवारी मी धडा टाकायचो, शुक्रवारपर्यंत गृहपाठ यायचा. मला सगळे सर म्हणायचे. मी आयुष्यात कधी कुठल्या वर्गात खडू धरलेला नव्हता. ते 'सर' मला जरा जास्तच चढलं.

मी शिकवायचो चांगलं, हे आजही म्हणतो. पण तोंडाचा फटकळ होतो, आणि लोक त्याला हसतात म्हटल्यावर आणखी फटकळ झालो. आमच्याकडे एक प्रथा पडली होती, शनिवारची फजिती. आठवडाभरात झालेली एखादी गमतीशीर चूक शनिवारी सगळ्यांना सांगायची. सुरुवातीला ज्याची चूक त्यानेच सांगायची, असं होतं. मामलेदारांनी एकदा पूर्ण पान काळ्या रंगावर काळ्या अक्षरांत लिहून 'काहीच उमटत नाही' म्हणून दोन दिवस मशीन बंद-चालू केलं होतं, ते त्यांनी स्वतःच इतकं रंगवून लिहिलं की आम्ही पोट धरून हसलो. पुढे लोकांना लाज वाटायला लागली की आळस आला कोण जाणे, पण फजिती निवडायचं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ते आनंदाने घेतलं. माझ्या धड्यांपेक्षा माझ्या फजित्यांना जास्त उत्तरं यायची आणि मी ती मोजायचो.

त्याच सुमारास आश्रमशाळांच्या शिक्षकांचं एक दिवसाचं शिबिर नाशिकला होतं. त्यांच्या काही शाळांना कॉम्प्युटर मिळाले होते आणि ते काय करतात हे त्यांना तासाभरात सांगायला मला बोलावलं होतं. मी बोललो, टाळ्या घेतल्या, आणि शेवटी एक वही फिरवली. ज्यांना पुढे शिकायचं असेल त्यांनी नाव आणि ई-मेलचा पत्ता लिहा, म्हणालो. वही परत आली तेव्हा ई-मेलच्या रकान्यात बहुतेकांनी रेघ मारली होती. एकीने मात्र आपला पूर्ण पत्ता लिहिला होता. मुक्काम, पोस्ट, तालुका सुरगाणा, पिनकोडसकट. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. सभागृह हसलं.

मागच्या रांगेतून एक पस्तिशीच्या बाई उठून उभ्या राहिल्या. किरकोळ बांधा, खांद्यावर शबनम. त्या हसत नव्हत्या आणि चिडल्याही नव्हत्या.

"सर, माझ्याकडं तेवढाच पत्ता आहे," त्या म्हणाल्या.

शिबिर संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. त्यांच्या शाळेत कॉम्प्युटर येऊन चार महिने झाले होते. हेडमास्तरांनी त्यावर चादर घातली होती आणि मुलांनी हात लावू नये म्हणून खोलीला कुलूप. तपासणीचे साहेब सांगून गेले होते की वर्षभरात काही वापर दिसला नाही तर हे मशीन दुसऱ्या शाळेला देऊ. बाईंच्या वर्गात आठवीच्या अकरा मुली होत्या. त्या वर्षी मशीनवर त्यांचे हात बसले तर बसले, नाहीतर पुढे त्या कुठे आणि मशीन कुठे.

"फोन आहे का शाळेत?" मी विचारलं.

"फोन सुरगाण्याला. आमच्याकडं लाईट आहे, असली म्हणजे."

मी त्या दिवशी टाळ्यांच्या गुर्मीत होतो. म्हणालो, "मग एसटीने पाठवतो धडे. त्यात काय एवढं?"

आणि खरंच पाठवायला लागलो. शनिवारी सकाळी सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मुख्य स्टँडवरून, सुरगाण्याची गाडी सुटायची, तिच्यावर बहुतेक एकच कंडक्टर असायचे. आमच्याकडे एसटीने डबे जातात, औषधं जातात, लग्नाच्या पत्रिका जातात. धडा जायला काहीच हरकत नव्हती. मी आठवड्याची गटातली सगळी पत्रं प्रिंटरवर काढायचो, दोन्ही कडांना भोकं असलेल्या त्या लांबच लांब कागदावर, आणि सोबत एक फ्लॉपी ठेवून लिफाफा कंडक्टरच्या हाती द्यायचो. दुपारी शाळेच्या फाट्यावर बाई उभ्या असायच्या. शाळेपासून फाटा पाऊण तास चालत. त्या लिफाफा घ्यायच्या आणि आपला गृहपाठ दुसऱ्या फ्लॉपीवर कंडक्टरकडे द्यायच्या, तो मला पुढच्या शनिवारी मिळायचा. आमच्या ऑनलाइन गटाची ती सभासद कधीही ऑनलाइन आली नाही, पण दीडशे लोकांत तिच्याइतका नेमाने गृहपाठ कुणी केला नाही.

बाई साध्या विद्यार्थिनी नव्हत्या. कुलपाची किल्ली त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांकडून मिळवली होती. माझे छापील धडे कधी कधी परत यायचे ते लाल पेनाच्या खुणा घेऊन. 'हे समजले नाही. पुन्हा लिहा.' 'येथे आपण घाई केली आहे.' एकदा नुसतंच, 'अक्षर पुसट. रिबन बदला.' मला आधी राग आला, मग मजा वाटली, आणि नंतर नंतर सोमवारचा धडा लिहिताना मी मनातल्या मनात त्या लाल पेनाला घाबरून लिहायला लागलो. त्या काळातले माझे धडे सगळ्यांत चांगले होते. गटातले लोक म्हणायचे, सर, हल्ली फार सोपं करून सांगता. त्याचं श्रेय कुणाचं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

चित्रांचा धडा झाला त्या आठवड्यात बाईंनी फ्लॉपीवर आपलं पहिलं मोठं पान पाठवलं. आपल्या अकरा मुलींचं पान. वणीच्या एका फोटो स्टुडिओने शाळेच्या कामासाठी मुलींचे फोटो कॉम्प्युटरवर चढवून दिले होते, ते त्यांनी वापरले होते. मी पान उघडलं. वर शाळेचं नाव, खाली अकरा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत एक लाल फुली. फोटो एकही नाही. प्रत्येक रिकाम्या चौकटीखाली मात्र बाईंनी निगुतीने ओळी लिहिल्या होत्या. ही झाडावर चढण्यात पटाईत. ही रोज सर्वांत आधी उठते. हिचे हसू पाहा.

हसू पाहा, आणि वर लाल फुली.

नवशिके हमखास करतात अशी ती चूक होती. फोटो कुठून उचलायचा हे पानाला सांगावं लागतं. बाईंनी त्याला शाळेच्या मशीनमधल्या एका कप्प्याचा पत्ता दिला होता. शाळेत पान उघडलं की ते शेजारच्या कप्प्यातून फोटो घ्यायचं आणि अकराही मुली दिसायच्या. माझ्या मशीनवर तो कप्पाच नव्हता, आणि फ्लॉपीवर बाईंनी फोटो ठेवले नव्हते. ज्या बाईने आपलं पान दुसऱ्या कुठल्या मशीनवर कधी पाहिलंच नाही, तिला हे कळायचं कसं? हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मला सुचली ती फजिती.

त्या शनिवारी मी लिहिलं: अदृश्य मुलींची शाळा. बाईंचं नाव घातलं नाही, तेवढी सभ्यता मी पाळली, पण सुरगाण्याचा उल्लेख केला, आणि गटात सुरगाण्याची दुसरी कोण होती? प्रत्येक चौकटीखालची ओळ दिली आणि तिच्यावर माझी एकेक मल्लिनाथी. झाडावर इतकी उंच चढली की दिसेनाशी झाली. सर्वांत आधी उठते, म्हणून आपण येण्याआधीच निघून गेली. बाकीच्या नऊ आज इथे लिहवत नाहीत. गटाला मात्र ते बेहद्द आवडलं. अमेरिकेतल्यांनीसुद्धा उत्तरं टाकली. आठवडाभर लोक आपल्याकडची अदृश्य माणसं सांगत होते. कुणाचा साहेब अदृश्य, कुणाचा भाडेकरू अदृश्य. मी रोज जेवणाच्या सुट्टीत वाचायचो आणि पोळी भाजीऐवजी चुकून लोणच्यात बुडवायचो, इतका रमून जायचो.

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखीच आठवड्याची सगळी पत्रं एकदम निवडली आणि प्रिंटरला दिली. कागदाची चळत नेहमीपेक्षा जाड आली. मी ती घडी केली, लिफाफ्यात घातली, सीबीएसवर गेलो, कंडक्टरना चहा पाजला आणि लिफाफा दिला.

सोमवारी मामलेदारांचं पत्र आलं. 'सर, त्या बाईंना आमचा नमस्कार सांगा. हसलो खरे, पण त्यांच्या मुलींना पाहायची फार इच्छा आहे. दुरुस्त पान आले की आम्हालाही दाखवा.'

ते वाचताना मला शनिवारचा तो जाड लिफाफा आठवला. बाई इंटरनेटवर नाहीत, त्यांना हे कधीच दिसणार नाही, असं मी गृहीत धरलं होतं. आणि ते सगळं, माझी एकेक ओळ, दीडशे लोकांचं हसू, मीच छापून, घडी घालून, माझ्या हाताने त्यांना घरपोच केलं होतं. पाऊण तास चालत येऊन त्यांनी ते घेतलं असणार.

मला लाज वाटली. नुसती नाही, अंग चोरून बसावं अशी. सोमवारच्या धड्याखेरीज आठवडाभर मी गटात एक ओळ लिहिली नाही. मग एक पत्र लिहिलं, बाईंना, हाताने. माफी मागितली. फोटो त्याच फ्लॉपीवर पानाच्या शेजारी कसे ठेवायचे ते चार ओळींत समजावलं. ते धड्यासोबत लिफाफ्यात घालून शनिवारी स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती. मला बघताच कंडक्टरनी आपल्या पेटीमागून एक लिफाफा काढला.

"बाईंनी दिलंय. बुधवारीच," ते म्हणाले. "मुद्दाम आल्या व्हत्या फाट्यावर. शनवारपर्यंत थांबल्या नाय."

लिफाफा जाड होता. एका कोपऱ्यात फाटला होता आणि त्यातून भोकांची कड असलेला कागद डोकावत होता. माझाच कागद. मी पाठवलेलीच पत्रं. लाल पेनही दिसत होतं. आत बोटाला फ्लॉपीचा चौकोन लागला.

मला एका क्षणात सगळं कळलं, किंवा कळलं असं वाटलं. बाईंनी माझं सगळं परत पाठवलं होतं. धडे, फ्लॉपी, सगळं. त्यावर लाल पेनाने काय लिहिलं असेल ते वाचायचं धाडस मला झालं नाही.

"द्यायचं काय हाय का सर?" कंडक्टरनी विचारलं. "गाडी काढतोय."

माझा लिफाफा माझ्या काखेत होता. माफीचं पत्र त्यात होतं.

"आज काही नाही," मी म्हणालो.

घरी येऊन मी बाईंचा लिफाफा कपाटात, जुन्या बिलांच्या पिशवीखाली ठेवून दिला. न उघडता. उद्या उघडू म्हटलं. पुढच्या शनिवारी स्टँडवर गेलोच नाही, कारण लिफाफा उघडल्याशिवाय काय तोंडाने जाणार? आणि उघडायचा म्हणजे ते वाचायचं. त्याच्या पुढच्या शनिवारी तर आणखी अवघड झालं. असं करता करता मी स्वतःची समजूत घातली की बाईंनी शिकणं सोडलं. त्यांनी सोडलं, हे मी इतक्यांदा स्वतःशी म्हणालो की ते मला खरंच वाटायला लागलं. बायकोने एकदोनदा विचारलं, सुरगाण्याच्या बाईंचं काय झालं रे? मी म्हणालो, नाही जमलं त्यांना. शनिवारची फजिती मी बंद केली, कारण सांगितलं नाही. वर्षा-दीड वर्षात गटच विरत गेला. तोवर वेबपानं शिकवणाऱ्या जागा ढिगाने झाल्या होत्या आणि मराठी सरांवाचून कुणाचं अडत नव्हतं.

सात-आठ वर्षांनी आम्ही गंगापूर रोडला नव्या जागेत राहायला गेलो. सामान आवरताना पिशवीखालून लिफाफा निघाला. बायको दुसऱ्या खोलीत भांडी कागदात गुंडाळत होती. मी खोक्यावर बसलो आणि तो उघडला. एवढ्या वर्षांनंतर बाईंचा राग शिळा झाला असेल, असा माझा हिशेब.

आत माझेच कागद होते, पण परत पाठवलेले नव्हते. त्यांच्या कोऱ्या पाठीवर बाईंनी आपला प्रोग्रॅम हाताने लिहून काढला होता, ओळींना आकडे घालून, आणि जिथे अडलं होतं तिथे लाल पेनाने खूण केली होती. शाळेत दुसरा मोठा कागद नसावा. वर एक चिठ्ठी होती.

चिठ्ठी मी इतक्या वेळा वाचली आहे की पाठ आहे. फोटोंची चूक कळली, असं त्यांनी लिहिलं होतं. तुमच्या फजितीत एकाने कारण सांगितले आहे, त्यावरून दुरुस्त केले, आता फोटो फ्लॉपीवरच ठेवले आहेत, मुली दिसतील. अदृश्य मुलींची शाळा वर्गात वाचून दाखवली. मुली फार हसल्या. आता एकमेकींना 'तू आम्हाला दिसत नाहीस' म्हणून चिडवतात. मग मुद्द्याचं. साहेब पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तपासणीला येणार असे कळले आहे. त्यांना दाखवण्यासाठी पाढ्यांचे पान केले आहे. मुलीने आकडा टाकला की पाढा दिसला पाहिजे. पण सात टाकले तर सात, सत्याहत्तर, सातशे सत्याहत्तर असे येते. कोठे चुकते ते कृपया शनिवारच्या गाडीने कळवा. त्यासाठी हे बुधवारीच पाठवत आहे. शेवटी एक ओळ, अधोरेखित: 'फजितीत घातले तरी चालेल, पण उत्तर पाठवा.'

मी नवशिक्यांना तिसऱ्या महिन्यात सांगायचो ती ही चूक. माणसाने टाकलेला सात कॉम्प्युटर आधी अक्षर म्हणून घेतो. अक्षराला अक्षर जोडलं की सत्याहत्तर. हा आकडा समज, असं त्याला एका शब्दात सांगायचं, की सात, चौदा, एकवीस सुरळीत येतं. एक शब्द. त्या शनिवारी स्टँडवर लिफाफा फोडला असता तर कंडक्टरच्या पेनाने तिथल्या तिथे लिहून दिला असता, गाडी सुटायच्या आत.

फ्लॉपी उघडायला मशीन सापडेना. शेवटी कारखान्याच्या अडगळीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर ती चालली. पान उघडलं. अकरा चौकटी, अकरा मुली. तेल लावून चापून बसवलेल्या वेण्या, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. जिचं हसू पाहा म्हणून लिहिलं होतं ती मुलगी अजिबात हसत नव्हती, ओठ घट्ट मिटून कॅमेऱ्याकडे बघत होती. मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसलो, मग खुर्चीवरच रडलो. अडगळीच्या खोलीत कुणी नव्हतं हे बरं झालं.

त्या आठवड्यातच रजा काढून सुरगाण्याच्या गाडीत बसलो. कंडक्टर दुसरेच होते. दिंडोरी ओलांडेपर्यंत द्राक्षबागा, मग वणी, मग चढ. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. बाई, मी लिफाफा उघडला नाही. मी घाबरलो. चूक तुमची नव्हती. माझी होती. चार वाक्यं, फटकळ माणसाला अवघड जाऊ नयेत अशी. फाट्यावर उतरून चालत निघालो. पाऊण तास लागतो तो खाली उतरताना. परत येताना चढ आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

बाई त्याच शाळेत होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला. मी नाव सांगण्याआधीच त्यांनी मला ओळखलं. "सर!" म्हणाल्या आणि लगबगीने खुर्ची पुसली. शाळेत आता दहा कॉम्प्युटर होते, एक वेगळी खोली होती, आणि शिकवायला एक तरुण सर होते. बाईंनी मला ती खोली अभिमानाने दाखवली.

"तुम्ही नाही शिकवत?" मी विचारलं.

"नाय. मी भूगोल आन मराठी. मी परत नाय हात लावला त्याला."

मग चहा पिता पिता मी न विचारताच त्यांनी त्या शुक्रवारचं सांगितलं. साहेब आले होते. बाईंनी एका मुलीला मशीनपुढे बसवलं. तिने सात टाकला. पडद्यावर सात, सत्याहत्तर, सातशे सत्याहत्तर. ती मुलगी गोंधळली, मग उभी राहून तिने साताचा पाढा तोंडाने खणखणीत म्हणून दाखवला. साहेब हसले. म्हणाले, मुलीला येतंय, मशीनला येत नाही, मग मशीन तुम्हाला कशाला? पुढच्या महिन्यात टेम्पो येऊन ते घेऊन गेला.

"आन त्या मुली?" माझ्याही तोंडून तसंच आलं.

"दोघी नर्सिंगला गेल्या. एक सुरगाण्याला अंगणवाडीत आहे. बाकीच्यांची लग्नं झाली. दिवाळीनंतर खाली द्राक्षांच्या बागांवर कामाला जातात, तवा गाडीत भेटतात कधी कधी."

त्या बागांमधूनच मी सकाळी आलो होतो. मी कप खाली ठेवला. आता बोलायचं, असं ठरवलं. चार वाक्यं तयार होती.

पण बाईच पुढे झाल्या. "मला काळजी लागली होती तुमची," त्या म्हणाल्या. "मी दोन महिने शनिवारी फाट्यावर जात होते. मंग कंडक्टर म्हणाले, सर स्टँडवर येत नाय आता. मी म्हटलं, सर असे मधीच सोडणारे नाय. नक्की घरात काहीतरी मोठं झालं असणार. कुणी आजारी होतं का सर?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. एवढ्या वर्षांची, जपून ठेवलेली. तिच्यापुढे माझी चार वाक्यं कुठे गेली कळलं नाही.

"हो," मी म्हणालो. "आई."

माझी आई तेव्हा ठणठणीत होती. रोज सकाळी चालत गोदावरीच्या घाटावर जाऊन यायची.

"तरी म्हटलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. "मी मुलींना सांगितलं होतं. रोज प्रार्थना झाली की त्या अकरा जणी तुमच्या घरासाठी हात जोडायच्या. वर्ष संपेपर्यंत. बऱ्या झाल्या ना आई?"

मी हो म्हणालो.